पाचवीची शाळा खाडीपलीकडे

आमची चौथीपर्यंतची शाळा किनाऱ्याला लागूनच होती. दोन खोल्या आणि पुढे वाळू. त्या वाळूत आमची मासळी सुकत असायची. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जात. आई टोपली घेऊन पार धामापूरपर्यंत मासे विकायला जाई. उरलेली मासळी वाळत घालून दिवसभर कावळे-कुत्री हाकायची, हे काम माझं. म्हणून मास्तरांनी मला दाराजवळ बसवलं होतं. कावळे उतरले की मी पाटी ठेवून धावायची. मी परत आले की मास्तर मागचं थोडंसं पुन्हा सांगत. अशीच मी चौथी पास झाले, वर्गात पहिली.

पाचवीची शाळा खाडीपलीकडे. तिथून आमची वाळू दिसत नव्हती.

मे महिन्यात मास्तर घरी आले. म्हणाले, "मुलीला पाचवीत घाला. हुशार आहे. होडीवाल्याशी मी बोलतो."

बाबा हसले. "शिकान काय करतला, मास्तर? कावळ्यांका बाराखडी शिकवतला?"

"तुमी गप ऱ्हवा," आई म्हणाली. "मास्तर, तेकाच इचारा."

मास्तर माझ्याकडे वळले. "काय गं, पुढे शिकायचं ना?"

मोठ्या माणसांसमोर बोलायची मला सवय नव्हती. आई नुकतीच बाजारातून आली होती, तळव्यांना खोबरेल चोळत होती. तळवे पार फुटलेले. मला वाटलं, मी हो म्हटलं तर मासळी राखायला हिला घरी बसावं लागेल, मग विकायला कोण जाणार? नको म्हटलं की तिला बरं वाटेल.

मी खाली बघून म्हटलं, "नको."

मास्तर अर्धा चहा तसाच ठेवून उठले. आई तळव्यांना तेल चोळत राहिली. मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा आई आमच्याकडे आली होती. मी तांदूळ निवडत होते.

"चेडवाक शिकव गो," ती म्हणाली. "तुझ्यासारख्या मधीच सोडूक देव नको."

मी म्हटलं, "मगे सुक्या मासळीर कोण बसतला होता, आये?"

"शेजारच्या काकीक मी आधीच सांगान ठेवलंलंय. ती बसतली होती. तू व्हय म्हणतलंस म्हणान मी वाट बघी होतंय. तूच नको म्हटलंस. माका वाटला, तुका शाळेचो कंटाळो इलो."

माझा हात सुपातच राहिला. कंटाळा नव्हता गं आला, एवढंच सांगायचं होतं. पण इतक्या वर्षांनी ते सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असं वाटलं. मी खडे वेचत राहिले.

पुढे आई वारली. मला शाळा आवडत नव्हती, असंच समजून गेली.