केटलीच्या वायरीची खाच

गंगेवरच्या आमच्या बालाजी घाटाच्या गल्लीत चार मराठी बायका जमल्या की आधी गुडघे, मग सुना आणि मग आमची केटली. दरवेळी एखादा नवा किस्सा असतोच. सगळ्यांची हसून पुरेवाट होते. मीही हसते, पण खरं सांगू? तेव्हाही लक्ष घराकडेच असतं.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मी शाळेत सायन्स शिकवते, हे बँकेत, त्यामुळे त्या दिवसभर एकट्या. गॅस चालू ठेवून पूजेला बसायच्या, म्हणून ह्यांनी ‘सेफ्टी’साठी इलेक्ट्रिक केटली आणली. सेफ्टी म्हणे!

*

केटलीची वायर माकडानं पळवली. ह्यांनी कॉम्प्युटरची काढून आणली, तर ती बसेना. कशी बसेल? ती सत्तर डिग्रीपर्यंतचीच उष्णता सोसते, केटलीची एकशेवीसपर्यंत चालते. चुकून अदलाबदल नको म्हणून केटलीत मुद्दाम एक उंचवटा ठेवतात आणि तिच्या वायरीला तेवढी खाच.

ह्यांनी चाकू घेतला आणि कॉम्प्युटरच्या वायरीला खाच पाडली.

“बघ, बसली की नाही?”

ती बसू नये म्हणूनच तो उंचवटा आहे हो, म्हटलं. तर म्हणाले, चहाच तर उकळायचाय.

*

आमच्या गल्लीत जळका वास कुणाला ओळखूच येत नाही. कुणाकडे होम, कुणाकडे धूप, चालूच असतं. एकदा शेजारच्या भटजींनी खिडकीतून विचारलं, काकू, आज नवीन ऊद का? सासूबाई कौतुकानं हो म्हणाल्या.

मी घरी आले तर वायरीचं टोक तपकिरी, बोटानं दाबलं तर मऊ. कात्रीनं तुकडे करून ती वायर कचऱ्यात टाकली.

*

ह्यांना विचारलं, उद्या आग लागली तर? गल्लीत सांड बसला तर माणूस निघत नाही, बंब कुठून येणार? ह्यांनी नीट विचार केला.

“गंगा जवळच आहे.”



*

मग मी स्वतः जाऊन केटलीची बरोबर वायर आणली. जरा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी बघते तर सासूबाई वायरीचं टोक पंचपात्रातल्या गंगाजलानं धुतायत. बाजारातली वस्तू, कुणाकुणाचे हात लागलेले, सोवळ्यात कशी चालेल?

आई, करंट लागेल, म्हणून मी ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, प्लग लावताना हात पुसते की मी.”

*

त्या दिवसापासून वायर माझ्या पर्समध्ये. मी घरी असेन तेव्हाच केटली लागणार. मैत्रिणी हसल्या, हसू देत.

परवा मधल्या सुट्टीत नेहमीसारखा फोन केला. जेवलात का, गोळी घेतलीत का, सगळं विचारलं.

“जेवले, आणि चहापण झाला. मस्त कडक.”

“गॅसवर केलात ना, आई?”

“गॅस कुठला? सिलिंडर सकाळीच संपला, म्हणून केटली लावली.”

मी पर्स उघडली. वायर आतच होती.