गौरीची पोत

तो गेला त्याला आठ महिने झाले. भेटायला येणाऱ्या बायका अजून विचारतात, तुमचं लग्न कसं जमलं, तुम्ही मराठी, ते तमिळ. मी काहीतरी सांगून कॉफी करायला उठते. खरं उत्तर मला लिहूनच देता येईल, तेही हळूहळू.

नव्वदच्या दशकाची सुरुवात, डिसेंबर महिना. मी एकोणीस वर्षांची होते. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळूरच्या पेठेतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. तो दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायचा आणि छापखान्यात प्रुफं तपासायचा. दीड वर्षापूर्वी कब्बन पार्कातल्या वाचनालयात ओळख झाली होती, आणि तेव्हापासून आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून वाचत होतो. याहून जास्त काही घडलं नव्हतं, पण दोघांनाही ठाऊक होतं.

मग कावेरीच्या पाण्यावरून, कर्नाटक-तमिळनाडूच्या भांडणात, शहर पेटलं. तमिळ पाट्यांना डांबर फासलं गेलं. टोळकी घरमालकांना विचारत फिरू लागली, तुमचे भाडेकरू कोण.

एका दुपारी तो आमच्या मागच्या दारी आला. वडील ऑफिसात अडकले होते, आई शेजारच्या अक्कांकडे रेडिओ ऐकायला गेली होती. मालकांनी त्याला संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितलं होतं. त्याची आई अलसूरला एकटी राहायची, तिथे त्यांच्याच लोकांची वस्ती. मध्ये पाच-सहा किलोमीटरचा रस्ता. बस नाही, रिक्षा नाही.

"निघतोय, एवढंच सांगायला आलो," तो म्हणाला.

एकट्या तरुणाला थांबवतात, जोडप्याला सोडतात, असं अक्का सकाळीच म्हणाल्या होत्या. मी आईची सुती साडी नेसले, कुंकू लावलं. पण गळा मोकळा होता. आमच्यात काय, कानडी लोकांत काय, लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळे मणी हवेतच. देवघरातल्या डब्यात गौरीच्या मुखवट्यांजवळ त्यांची काळी पोत असे. ती मी काढली आणि आरशात न बघता गळ्यात बांधली. आईसाठी चिठ्ठी ठेवली, वाचनालयात जाते. सगळं शहर बंद असताना.

त्याच्या कन्नडला तमिळ हेल होता, म्हणून मी त्याच्या जबड्याभोवती मफलर बांधला. "दाढ काढलीय तुझी. तोंड उघडायचं नाही."

"बायको वाटत नाहीस," तो आतून पुटपुटला. "वाचनालयात लोकांना गप्प बसवणारी बाई वाटतेस."

हसायला आलं नाही. आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर टायर जळत होते, आणि धुराच्या अलीकडे सात-आठ जण उभे होते. एकाच्या हातात लोखंडी गज होता. त्याने विचारलं, कुठे? मी कन्नडमध्ये सांगितलं, ह्यांची दाढ काढलीय, सासूबाई आजारी आहेत. गजवाल्याने आधी मफलरकडे बघितलं. मग माझ्या गळ्याकडे बघितलं.

"सरी, होगम्मा," म्हणाला. जा बाई.

मागून कोणी हाक मारेल म्हणून मी पावलं मोजत होते, आणि आकडे चुकत होते.

अलसूर जवळ आल्यावर त्याने मफलर सोडला. "आता ती काढ. आमच्या बायका काळे मणी घालत नाहीत. इथे तुला बघून काय समजतील?"

मी मानेमागे हात नेला. गाठ बोटांत आली आणि हात तिथेच थांबला.

"नाही काढता येत."

"गाठ घट्ट बसलीय?"

"गाठ नाही. माणूस जिवंत असताना ही काढत नाहीत."

हे नाटक होतं, आणि ते माझंच होतं, हे मला कळत होतं. पण आता काढली तर पुढच्या वळणावर त्याला काहीतरी होईल, ही भीती गजवाल्यांच्या भीतीपेक्षा मोठी होती. मी पोत पदराखाली सारली.

गल्लीच्या तोंडाशी काठ्या घेतलेली माणसं होती, या वेळी त्याची. एकाने त्याला ओळखलं. दुसऱ्याने काठीच्या टोकाने माझा पदर बाजूला केला आणि ओरडून काहीतरी विचारलं. मला तमिळ थोडंच कळायचं. तो मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बायको." तेवढं कळलं. काठी खाली जायला फार वेळ लागला.

त्याच्या आईने जिन्यातच त्याचा चेहरा, खांदे, हात चाचपून पाहिले. मग तिची नजर माझ्या गळ्यावर गेली.

"कधी?" तिने कन्नडमध्ये मला विचारलं.

"आज," मी म्हणाले.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "जेवलात का?"

मी अक्कांच्या घरी फोन करून कुठे आहे ते कळवलं. कर्फ्यू लागला. तीन दिवस मी त्याच्या आईशेजारी चटईवर पडून होते. तो दारापाशी बसून असे.

तिसऱ्या दिवशी कर्फ्यू सैल झाल्यावर वडील चालत आले. चपला काढल्या नाहीत. आवाज चढवला नाही.

"ती गौरीची आहे. दे माझ्याकडे, आणि चल घरी."

"अप्पा, मला काढता येत नाहीये."

गौरी दर वर्षी तेच बसवायचे. मी काय म्हणतेय ते त्यांना दुसऱ्या कोणी समजावण्याची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे बघितलं. त्यांच्याही चेहऱ्यावर मला भीतीच दिसली.

"पुढच्या भाद्रपदात गौरीला दुसरी आणावी लागेल," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.