टाकीच्या जाहिरातीतलं गाणं

आमच्या थोरल्या नणंदबाईंनी जन्मात एक मालिका धड पाहिलेली नाही आणि एक जाहिरात अर्धवट सोडलेली नाही. जळगावपासून धुळ्यापर्यंत कुठल्याही घरात जाऊन बघा, जाहिराती लागल्या की माणसं आवाज बंद करतात, पाणी प्यायला उठतात, राहिलेले फोन करून घेतात. अक्कांचं सगळं उलटं. मालिका सुरू झाली की त्या टीव्हीचा आवाज बंद करून स्वयंपाकघरात जातात. कुकर लावायचा, कणीक मळायची, देवापुढे दिवा लावायचा, हे सगळं मालिका चालू असताना. नायिका गच्चीवरून पडो नाहीतर तिचा मेलेला नवरा परत येवो, अक्कांची कणीक थांबत नाही. जाहिराती लागल्या की मात्र पिठाच्या हातानं तशाच बाहेर येतात आणि घरात असेल नसेल त्याला हाक मारतात, "या रे, लागल्या!" लग्न होऊन पहिल्यांदा मी त्यांच्याकडे धुळ्याला राहायला गेले तेव्हा काय लागलं म्हणून मी घाबरून पळत बाहेर आले होते. लागली होती साबणाची जाहिरात.

त्यांना साबणाशी काही देणंघेणं नसतं. हल्ली बहुतेक जाहिरातींच्या मागे एखादं गाजलेलं गाणं लावतात, कधी सिनेमातलं, कधी आल्बममधलं, कधी इंग्रजी. ते गाणं त्या मालाला बसलं की नाही, एवढाच अक्कांचा प्रश्न. शिंप्यानं ब्लाउजची बाही खांद्याला लावून बघावी तसा त्या गाणं मालाला लावून बघतात, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग निकाल. "बसलं." किंवा, जास्त वेळा, "नाही बसलं." निकालाच्या मागे कारणही तयार असतं. कपडे धुण्याच्या पावडरीला कुणी चांदण्या रात्रीचं प्रेमगीत लावलं होतं, तर म्हणाल्या, "चांदण्यात कोण धुणं वाळत घालतं?" कंबरदुखीच्या मलमाला नाचाचं गाणं आलं तेव्हा, "हिची कंबर दुखते का हलते, ते आधी ठरवा म्हणावं." घरासाठी कर्ज देणाऱ्या एका जाहिरातीत गावोगाव भटकणाऱ्या कलंदराचं गाणं होतं. ते ऐकून त्या दोन दिवस बेचैन होत्या. "अगं, ज्याचा एका गावात पाय ठरत नाही त्याला कर्ज देतंय कोण? आणि दिलं तर वसूल कुठून करायचं?" 

इंग्रजी गाण्यांना तरी त्या सोडतील असं मला वाटायचं, कारण अक्कांचं इंग्रजी लाइटबिलापलीकडे जात नाही. पण एकदा एका मोठ्या गाडीची जाहिरात लागली. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, नवीकोरी गाडी, आत हसणारं कुटुंब, आणि मागे कुणीतरी इंग्रजीत गात होतं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "शब्द कळत नाहीत, पण हा माणूस रडतोय. नवी गाडी घेऊन कुणी रडतं का?" आमच्या लेकीनं लगेच मोबाइलवर ते गाणं शोधलं. बायको सोडून गेलेल्या नवऱ्याचं गाणं निघालं. अक्कांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या कुकर बंद करायला उठून गेल्या.

हे सगळं टीव्हीपुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण अक्का 'नाही बसलं' म्हणाल्या की तो माल घरात येत नाही. त्यांच्या गल्लीतला किराणावाला इतका तयार झालाय की मिठाचा पुडा काढतानाच विचारतो, "अक्का, याचं बसलं ना?" आमच्या ह्यांच्या मोबाइलची रिंगटोनही अक्कांनीच निवडलेली आहे. आधी ह्यांच्याकडे एक लाडिक गाणं होतं, ते एका मयताच्या घरी भेटायला गेलेले असताना वाजलं, आणि त्या घरातल्या म्हातारीला रडता रडता हसू फुटलं. तेव्हापासून ह्यांचा फोन जुन्या काळच्या फोनसारखा नुसता ट्रिंग ट्रिंग वाजतो.  आई लवकर गेल्यामुळे हे अक्कांच्या कडेवर वाढले, अक्कांचं लग्न झालं तेव्हा मांडवात त्यांचा पदर सोडेनात. म्हणून आजही आमच्या घरातली कुठलीही मोठी गोष्ट अक्कांनी मान हलवल्याशिवाय होत नाही, मग तो नवा सोफा असो नाहीतर लेकीचं शिक्षण. लेकीला धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा ती अक्कांकडेच राहिली, आणि पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात तिथेच झाली.

धुळ्याच्या केबलवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती लागतात. त्यात पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या एका दुकानाची जाहिरात होती. चार माणसं दोरखंडानं एक काळी टाकी गच्चीवर ओढतायत, खालून घरातली बाई वर बघतेय, आणि मागे चाललंय ते लेक सासरी निघताना बँडवाले हमखास वाजवतात ते गाणं. शेवटी दुकानाचे मालक स्वतः हात जोडून येतात आणि मोठ्यानं म्हणतात, "घर तिथं टाकी!" ही जाहिरात लागली की अक्कांचा तोल जायचा. एरवी शहरी बोलणाऱ्या अक्का रागावल्या की सरळ अहिराणीवर येतात. "काय शे हे! टाकी काय सासरे जाई राहिनी का?" टाकी सासरी चाललीय का, हे मी गेले तेव्हा ऐकलं, हे गेले तेव्हा त्यांनी ऐकलं, फोनवर तर आम्ही कितीदा ऐकलं असेल.

कॉलेज संपवून लेक जळगावला परत आली. एक दिवस मी भरताची वांगी भाजत होते आणि ती बाजूला उभी राहून मिरच्यांची देठं काढत होती, न सांगता, तेव्हाच मला शंका आली. म्हणाली, "आई, धुळ्याचा एक मुलगा आहे. माझ्याच कॉलेजातला. आता स्वतःचं औषधांचं दुकान काढतोय." मी विचारलं, घरचं कोण, काय करतात. ती मिरचीकडे बघत म्हणाली, "टाकीवाले."

"कुठले टाकीवाले?"

"घर तिथं टाकी," लेक हळूच म्हणाली.

वांगं जळून कोळसा झालं ते मला वासानंच कळलं. लेक सांगत होती, "आत्या रोज संध्याकाळी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना नावं ठेवायची आणि मी शेजारी बसून पोळी खायचे. एकदा तर तिनं मला विचारलं, तुला काय वाटतं? मी म्हटलं, नाही बसलं." एवढं बोलून पोरगी हसता हसता रडायला लागली. मुलगा तिच्या मनात किती खोल गेलाय हे मला तेव्हा दिसलं, आणि अक्का काय म्हणतील तेही.

ह्यांनी स्पीकरवर फोन लावला, तर अक्का तेच म्हणाल्या. मुलगा चांगला असेल, शिकलेला असेल, जातपात, शेतीवाडी मी विचारत नाही, पण त्या घरात पोर द्यायची नाही. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीपुढे तोंड उघडलं. "अक्का, गाण्यावरून कुठे स्थळ मोडतं का?"

"पत्रिकेवरून मोडतं ते चालतं का तुम्हाला?" अक्का म्हणाल्या. मग जरा नरमून म्हणाल्या, "अरे, कोणतं गाणं कुठे लावावं हे ज्यांना कळत नाही, त्यांना कुणाशी कधी काय बोलावं हे कसं कळेल? उद्या पोर माहेरच्या आठवणीनं रडत बसली तर हे तिथे ढोल वाजवतील." मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं. मी तरी लेक कुठल्या भरवशावर देणार होते? दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी लेकीनंच आत्याला फोन केला. "तू त्यांना एकदा विचार तरी, ते गाणं का लावलं. मग तू नाही म्हणालीस तर मी नाही म्हणेन." ती हे खरंच करेल अशी मला धास्ती बसली.

आम्ही तिघं सकाळच्या बसनं धुळ्याला गेलो आणि अक्कांना घेऊन टाकीवाल्यांकडे पोचलो. टीव्हीत दिसतात तसेच गृहस्थ दारात हात जोडून उभे होते. मला वाटलं आता ते म्हणतील, घर तिथं टाकी. पण ते नुसतं "या, या" म्हणाले. मुलगा सरळ, मोजकं बोलणारा, लेकीकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होता की सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. पोह्यांच्या बशा आल्या. ह्यांनी बशीला हात लावला नाही. अक्कांनी पाण्याचा एक घोट घेतला आणि विचारलं, "ते टाकीच्या जाहिरातीत गाणं कुणी लावलं?"

गृहस्थ एकदम कावरेबावरे झाले. "अक्का, मी तर नाचाचं लावा म्हणत होतो. हिनं ऐकलं नाही." आणि सरळ आतल्या दाराकडे बोट दाखवून मोकळे झाले. आतून मुलाची आई पदराला हात पुसत आली. गोरीपान, ठेंगणी बाई. तिनं आमच्याकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं, आणि घाबरली बिबरली काही नाही. खाली बसून म्हणाली, "अक्का, मनं लगीन जमनं तवय मना बापनी एकच गोट इचारी. घरमा पानी शे का? पोऱ्या काय करस, वावर कितलं, काहीच इचारं नही. मनी मोठी बहीन पानी व्हाई व्हाई थकी गयथी ना."

म्हणजे थोरली लेक पाणी वाहून वाहून थकलेली, म्हणून बापानं धाकटीसाठी एवढंच विचारलं. ती पुढे सांगत होती की त्यांच्या दुकानात टाकी घ्यायला येतो तो बहुतेक करून लेकीचा बाप असतो. त्या बाजूच्या गावांत नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून लोक आता लेकीला, तिच्या बोलीत अंडेरला, आंदण देताना कपाटाच्या आधी टाकी देतात. "अंडेरनी टाकी टेम्पोवर चढनी का माय रडाले लागस. बाप तोंड फिराई लेस. बठ्ठं मना डोयासमोर व्हस. मंग अक्का, कोनतं गानं लावानं, तुम्हीच सांगा."

अक्कांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मान इकडे नाही, तिकडे नाही. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "मना बापनी माले रेडिओ दिधा व्हता."

हे मला माहीत होतं. माझ्या सासऱ्यांनी लेकीच्या आंदणात हौसेनं रेडिओ दिला होता, आणि त्याचं कौतुक आमच्या घरात सगळे करायचे. पण अक्कांच्या धुळ्याच्या घरात तेव्हा नळ नव्हता, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. अक्का हापशावरून पाणी आणायच्या, ओट्याशी रेडिओ लावलेला असायचा, आणि हंडा रिकामा करून परत निघेपर्यंत गाणं संपून जाहिरात लागलेली असायची. पाण्याच्या खेपांमध्ये त्यांच्या वाट्याला नेहमी जाहिरातीच आल्या. ते त्यांनी त्या दिवशी त्या परक्या बाईला सांगितलं, जे आम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. हे खाली मान घालून ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

मग अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "बसलं."

 मुलानं घड्याळावरची नजर काढून लेकीकडे एकदा बघितलं. ह्यांनी पोह्यांची बशी उचलली आणि दोन दिवसांचा उपास सोडावा तशी रिकामी केली, मग माझीही घेतली. टाकीवाल्यांना नेमकं काय बसलं ते कळलं नव्हतं, पण ते आनंदानं सगळ्यांना पुन्हा पुन्हा चहा विचारत राहिले.

लग्नातल्या आंदणाची बोलणी झाली तेव्हा अक्का अडून बसल्या की टाकी द्यायचीच. मी म्हटलं, "अहो, टाकीवाल्यांना टाकी?" तर म्हणाल्या, "त्यांच्या त्या दुकानातल्या. ही तिची." टाकी अर्थात व्याह्यांच्याच दुकानातून घेतली आणि त्यांनी ती हात जोडून दिली. पाठवणीच्या वेळी बँडवाल्यानं ते गाणं सुरू केलं. मी पदर डोळ्यांना लावला होता, तेवढ्यात मुलाकडची सगळी पोरंटोरं एका आवाजात ओरडली, "घर तिथं टाकी!" सगळा मांडव हसायला लागला, नवरामुलगा लाजून लाल झाला, आणि आमची लेक रडत रडत हसत गाडीत बसली. अक्का पोरांवर ओरडल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिल्या.

आता घरात आम्ही दोघंच. धुळ्याची केबल जळगावला दिसत नाही, पण संध्याकाळी फोन वाजतो. उचलला तर अक्कांनी फोन टीव्हीसमोर धरलेला असतो.  ते गाणं चालू असतं, मग व्याही म्हणतात, घर तिथं टाकी. मग अक्का फोन कानाला लावतात. काल म्हणाल्या, "आज पाणी आलं होतं गं तिच्याकडे. मी जाऊन आले. टाकी काठोकाठ भरली पोरीची. तू जेवून घे आता, वहिनी."