अक्कासाठी आणलेला कॉफीचा डबा

इन्स्टंट कॉफीचा पहिला डबा आमच्या घरात आला तो अक्काचं लग्न जमावं म्हणून. साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती सव्वीस वर्षांची होती आणि मी एकोणीस. तिला पाच ठिकाणचे लोक पाहून गेले होते आणि पाचही ठिकाणांहून नकार आला होता. सहावं स्थळ पुण्याचं होतं. आई उघड बोलायची नाही, पण हे हुकलं तर सातवं येणार नाही, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आम्ही बेंगळुरातले जुने मराठी. पूर्वज कुणाच्या फौजेबरोबर आले आणि का राहिले, हे अण्णा पाहुण्यांना रंगवून सांगायचे. मला त्यात कधी रस वाटला नाही. मला एवढंच दिसायचं की आम्ही धड इथले नाही आणि धड तिकडचेही नाही. घरात मराठी बोलायचो, पण वडिलांना अण्णा म्हणायचो, बहिणीला अक्का, आणि बोलताना 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं, ठीक आहे' म्हणायच्या जागी 'सरी' कधी तोंडातून निघून जायचं ते कळायचंही नाही. पुण्याकडचे लोक ऐकायचे आणि म्हणायचे, 'तुमची मराठी गोड आहे हो.' या गोड शब्दाची मला चीड होती. लहान मुलाच्या बोबड्या बोलण्याला म्हणावं तसं ते म्हणायचे.

पाचव्या स्थळाचा नकार मध्यस्थाकडून आला, आणि त्याने कारणही सांगितलं. मुलगी सावळी आहे ते एक असो, पण घर अगदीच जुन्या वळणाचं. पितळी पेल्यात कॉफी दिली, खाली वाटी ठेवून. मध्यस्थाने हे हसत हसत सांगितलं. अण्णा हसले नाहीत. ते सरकारी कचेरीत कारकून होते, आयुष्यभर वरच्या माणसाचा शेरा वाचून खाली मान घालण्याची सवय झालेले. त्यांनी तोही शेरा तसाच मानला.

आणि गंमत अशी, की अक्काच्या हातात कुठली एक गोष्ट खरोखर उत्तम होती तर ती कॉफीच. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, दुकानातून आठवड्याची पावडर ती स्वतः आणायची, बिया आपल्यासमोर भाजून, दळून घ्यायची, आणि चिकोरी किती घालायची ते दुकानदाराला बजावायची. पितळेच्या फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर घालायची, चकतीने हलकेच दाबायची, वर कढत पाणी ओतायचं आणि झाकण लावून अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. खालच्या भांड्यात थेंब थेंब डिकॉक्शन उतरायचं. मग नुकतं वर आलेलं दूध. शेजारच्या कन्नड मामी म्हणायच्या, हिच्या हातची कॉफी पिऊन कुणी नाही म्हणेल का? पाच जण म्हणून गेले होते.

सहाव्या स्थळाची माणसं सुधारलेली आहेत, असं पत्र आलं होतं. मुलगा मोठ्या कंपनीत होता, मुंबईला राहून आलेला. अण्णा एका शनिवारी कचेरीतून परस्पर कँटोन्मेंटातल्या एका मोठ्या दुकानात गेले आणि तिथून हा डबा घेऊन आले. डबा लहान होता, मुठीत मावेल एवढा. किंमत ऐकल्यावर आईने कपाळाला हात लावला. तेवढ्यात आमच्या घरची महिन्याची कॉफी आली असती, आणि तीही पाहुण्यारावळ्यांसकट.

"एवढ्याशा डब्याला एवढे?" आई म्हणाली. "काय सोनं घातलंय की काय त्यात?"

"सुधारलेल्या घरांत आता हीच पितात," अण्णा म्हणाले. "फिल्टर नको, काही नको. पावडर घालायची, वर कढत पाणी ओतायचं, झालं."

त्यांनी डबा देवाच्या कोनाड्याशेजारी ठेवला. झाकणाखाली चंदेरी कागद चिकटवलेला होता, तो त्या दिवसापर्यंत फोडायचा नाही, वास उडून जाईल, अशी त्यांची सक्त ताकीद. कपबश्याही शेजारच्या मामींकडून मागून आणल्या. एवढी महागाची वस्तू, पण ती करून कशी लागते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता विचार केला की वाटतं, अक्काच्या बाबतीतही आम्ही तेच करत होतो. तिला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी तेव्हा घरात धुमसत होते. कारण असं, की दुसऱ्या स्थळाच्या वेळी मुलाच्या आत्याने माझ्याकडे बोट दाखवून 'ही कितवीला आहे?' असं विचारलं होतं. मी रंगाने उजळ होते. त्यानंतर अक्काला पाहायला कुणी आलं की मला शेजारी मामींकडे पाठवून द्यायचे आणि पत्रात माझा उल्लेखच करायचे नाहीत. थोरलीच्या वेळी धाकटीला लपवणं ही आमच्याकडची रीतच होती, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं, मी काय चोरीचा माल आहे?

पुण्याचे पाहुणे यायचे होते त्या रविवारी दुपारी अक्का तो डबा घेऊन माझ्याकडे आली. ती शाळा सोडून घरी बसली होती. मी कॉलेजात जात होते आणि इंग्रजी सराईत वाचायचे.

"यावर काय लिवलंय स्वल्प वाच की गे," ती म्हणाली.

मी डबा हातात घेतला. कपात एक चमचा पावडर घ्या, गरम पाणी घाला, ढवळा. तीन ओळी होत्या. मी वाचल्या आणि डबा तिला परत दिला. "अण्णांना विचार," मी म्हणाले. "मी कुठे या घरात असते?"

अक्का डबा घेऊन चुलीकडे गेली. मी चपला घातल्या आणि शेजारी निघून गेले.

मामींच्या स्वयंपाकघरात बसून मी एक जुनं मासिक चाळत होते. समोर आमच्या दारात टांगा थांबला, माणसं उतरली, अण्णांचं 'या, या' ऐकू आलं. साधारण पाऊण तास गेला असेल. मामींनी आपल्या कॉफीची तयारी सुरू केली. फिल्टर खाली काढला, पावडर घातली, चकतीने दाबली, वर कढत पाणी ओतलं. ते बघता बघता मी मासिक खाली ठेवलं. पावडर घालायची, वर कढत पाणी ओतायचं. अण्णांनी सांगितलेलं ते वाक्य अक्काने कसं ऐकलं असेल, ते मला माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. तिला दुसरी कॉफी माहीतच नव्हती.

मी तशीच मागच्या दाराने धावत सुटले. पायात चपलाही नव्हत्या.

अक्का चुलीपाशी नव्या साडीत उभी होती, फिल्टरचं वरचं भांडं हातात धरून आत बघत होती. तिच्या मापाने सहा माणसांना तो अख्खा डबा लागला होता. रिकामा डबा ओट्यावर पडला होता.

"वर काहीच राहिलं नाही गे," ती कुजबुजली. "चोथाच नाही. पाणी वतलं आणि सगळं सरसर खाली गेलं. कुठं गेली ही कॉफी?"

खालच्या भांड्यात डांबरासारखं काळं काहीतरी भरलं होतं. तिने बोट बुडवून चाटलं होतं, ओठ अजून काळे होते. ती रडायच्या बेतात होती. मी तिला भराभर सांगितलं, की ही विरघळते, हिला चोथा नसतोच, कपात चमचाभर घालायची असते. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसायला लागली. तोंडावर पदर घेऊन, आवाज दाबून, अंग हलेपर्यंत. मलाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघी एकत्र हसलो होतो. मग मी पातेल्यातलं दूध कपात ओतत गेले, ते काळं एकेक चमचा घालत गेले, ती साखर घालत गेली. एका कपातला घोट घेऊन पाहिला. कॉफी चांगली झाली होती. खरंच चांगली. फिल्टरची सर नव्हती, पण बाहेरच्या माणसाला कळलं नसतं.

"हात कुठे धुवायचे?" असा आवाज आला, आणि आम्ही मान वर केली. दारात मुलाची आई उभी होती. उप्पीट खाऊन झालं होतं आणि आमची आई त्यांना मोरीकडे घेऊन येत होती. त्यांची नजर माझ्यावर गेली आणि तिथेच राहिली. माझे केस सुटले होते, धावल्याने तोंड लाल झालं होतं, डोळ्यांत हसू तसंच होतं.

"ही कोण?"

"धाकटी," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"पत्रात नव्हतं लिहिलं तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि हात धुऊन बाहेर गेल्या.

अक्काने ट्रे उचलला. जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. बाहेर सगळ्यांनी कॉफी घेतली, 'छान झालीय हो' असं कुणीतरी म्हणालं, अण्णांनी डब्याचं नाव घेतलं आणि तो कुठल्या दुकानातून आणला तेही सांगितलं. मी आत उरलेलं काळं पाणी मोरीत ओतत होते. जवळजवळ भांडंभर होतं. अण्णांचे पैसे माझ्या हाताने वाहून गेले.

आठ दिवसांनी पत्र आलं. पत्र सभ्य होतं. आदरातिथ्याचे आभार होते, थोरल्या मुलीच्या शांत स्वभावाचं कौतुक होतं, आणि खाली, शक्य असेल तर धाकटीचा विचार व्हावा, असं होतं. हुंडा नको, खर्च निम्मा आम्ही करू. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "एक तरी सुटेल."

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. सासरी पोचले त्या संध्याकाळी सासूबाईंनी चहा केला. त्या घरात सगळे चहाच प्यायचे. कॉफी आजारी माणसाला, तीही जायफळ घालून. पुढे एकदा मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अग, आम्हाला चहा आवडला असता, पण तुझे वडील त्या डब्याचं इतकं सांगत होते, नाही कसं म्हणणार?" त्या वाईट नव्हत्या. माझे यजमानही वाईट नव्हते. अक्काला पाहायला सातवं स्थळ आलं नाही. ती अण्णांना शेवटपर्यंत कॉफी करून देत राहिली, मग आईला, मग तिच्या एकटीपुरती. मी दर दोन वर्षांनी माहेरी जायचे. ती मला स्टेशनवर घ्यायला यायची, माझी मुलं कडेवर घ्यायची, माझ्या नवऱ्याची चौकशी करायची. मला तिच्या डोळ्यांत कधी राग दिसला नाही, आणि तिथे जाणं दर खेपेला मला आणखी जड जात गेलं.

मी सगळ्यांना सांगत आले, की तेव्हा मुलींना कुठे कोण विचारायचं, वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि झालं. माझ्या मुलांनाही हेच सांगितलं. ते खोटं आहे. पत्र आलं त्या दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं होतं. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "तू नाही म्हणालीस तर मी नाही कळवतो," अण्णा म्हणाले. "थोरली असताना धाकटी देत नाही, एवढं लिहिलं की झालं. त्यांना राग येणार नाही. कदाचित थोरलीचा विचारही करतील."

मला अक्काच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी जमिनीकडे बघत होते. मला त्या मुलाचा चेहरासुद्धा नीट माहीत नव्हता. पण मला निवडलं होतं. सहा वेळा सजून बाहेर गेली ती अक्का, आणि एकदा विस्कटलेल्या केसांनी दिसले ती मी, आणि त्यांना मी हवी होते. मला आनंद झाला होता. भीतीही होती, की आज नाही म्हटलं तर मीसुद्धा इथेच, याच चुलीपाशी राहीन.

अण्णा थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"सरी," मी म्हणाले.