डब्यांवरचं इंग्रजी

धाकट्या जावेची, वनिताची, उद्या बढतीची परीक्षा. सारखे दिसणारे इंग्रजी शब्द तिला हमखास दगा देतात, म्हणून मी मिठाच्या डब्यावर 'अफेक्ट', म्हणजे परिणाम करणे, आणि साखरेच्या डब्यावर 'इफेक्ट', म्हणजे झालेला परिणाम, अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. आज जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, "वनिता, आमटीत अफेक्ट कमी पडलंय गं."

इंग्रजीशी काडीचा संबंध नाही, पण त्यांचं एकदाही चुकलेलं नाही. जे रोज जिभेला लागतं, त्यात माणूस गोंधळेल कसा?

वनिता घास हातात धरून म्हणाली, "आई, उद्या अडले तर?"

"खारट की गोड, एवढंच आठव."

"आणि दुसरीच जोडी आली तर?"

"हळद-तिखटाचे डबे चिठ्ठीविनाच आहेत अजून. जेव आधी, मग चिकटवू."