सातवं रीळ

मास्तरांनी मला फसवलं. अमरावतीच्या फिल्म एजंटाने नव्हे, हिंगणीच्या लोकांनी नव्हे. माझ्याच टुरिंग टॉकीजमध्ये सहा हंगाम मशीन चालवणाऱ्या, माझ्याच चुलीवरची भाकर खाणाऱ्या माणसाने फसवलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे त्यांच्या चार चांगल्या गोष्टी येतील आणि त्या वाचता वाचता तुम्ही हे विसराल. मी स्वतः कितीदा विसरलो आहे.

खेळ सुरू व्हायच्या आधी मास्तर फिल्मची पट्टी दोन बोटांत धरत, कंदिलासमोर नेत आणि एक डोळा मिटून बघत. बाजारात आपण तुरीचा दाणा उजेडात धरून बघतो ना, तसं. मग माइकवर दोनदा फुंकर मारून म्हणत, "गोष्ट माह्याजवळ हाये. तुमी फक्त डोये उघडे ठेवा."

हे वाक्य प्रत्येक खेळाला ठरलेलं. हिंदी सिनेमा असला तरी तेच. मी एकदा वैतागून म्हणालो, "मास्तर, लोकं पाह्याले येतेत, तुमचं आयकाले नाई. मुकाट्यानं मशीन चालवा."

ते हसले. "शेटजी, मशीन आपोआप चालते. लोकाइले चालवा लागते."

उंच, हडकुळे; मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या उजेडाने डोळे कायम लाल. मूळचे आर्वीकडचे. घरी कोण कोण, असं विचारलं की मशीनला तेल द्यायला उठत. पडद्याकडे त्यांचं लक्षच नसे. केबिनच्या भोकातून लोकांच्या पाठी बघत बसत, आणि पाठीवरून माणूस वाचत. "थो तिसऱ्या रांगेतला लाल पटकेवाला रडून राह्यला," म्हणत. मी मुद्दाम पुढे जाऊन बघायचो. खरंच डोळे पुसत असायचा.

मी स्वतः दुसऱ्याच्या तंबूबाहेर फुटाणे विकत विकत तंबूचा मालक झालो. घासाघीस केल्याशिवाय मी विहिरीचं पाणीही काढत नाही, असं सेलूच्या बाजारात म्हणतात. राग आला की हातात असेल ते मी फेकतो, हेही खरं. मास्तरांवर एकदा पान्हा उचलला होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "बरं झालं आणला. हाच सापडून नव्हता राह्यला."

एकोणऐंशी-ऐंशीचा हंगाम असेल. एका देवादिकांच्या चित्रपटासाठी मी एजंटाशी दुपारभर झगडलो आणि त्याच भाड्यात आणखी एक चित्रपट उपटला. नवाच होता, मुंबईहून भटकत इकडे आलेला. जपानी. त्यात माणसं नव्हती, सगळी हाताने काढलेली चित्रं, आणि बोलणं सगळं जपानी. आपल्याकडे कोण बघणार? पण पदरात पडलेलं सोडायची सवय मला नाही. फिल्मचे डबे उचलले आणि हिंगणीला आलो.

हिंगणीहून बोर धरणाचा बांध जवळ, मागे जंगल. तंबू उभा करत होतो तेव्हा शेवंताबाई नावाची बाई आली. फाटकाजवळ शेंगा विकायला जागा मागत होती. मी तिच्याशीही भाव केला, रोज एक पायली शेंगा आम्हाला. तेवढ्यात गावातला एक जण म्हणाला, "शेटजी, तिले सोडा. तिचा नवरा महादेव सरत्या पावसाळ्यात धरणात गेला. डोंगी सापडली, माणूस नाई सापडला."

बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ती म्हणाली, "गेला कोण म्हणते? मड्डं दाखवा मंग पुसतो."

तिच्या दिराने सगळं ठरवून टाकलं होतं. प्रेत मिळालं नाही तर पिठाचा पुतळा करून जाळतात, मग बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. येत्या अमावास्येला ते व्हायचं होतं. शेंगा मापता मापता तिने हे सगळं मास्तरांना सांगितलं.

त्या दुपारी अंधारासाठी तंबूच्या कनाती खाली सोडून त्यांनी एकट्याने जपानी चित्रपट चालवून पाहिला. तशी त्यांची पद्धतच होती. बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

"शेटजी, डबे सहाच हायेत. सातवं रीळ आलंच नाई."

एजंटाच्या चिठ्ठीवर तर सात लिहिलेले. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी अमरावती गाठली. एजंट शपथा घेत होता, "सातही डबे म्या सोताच्या हातानं देल्ले!" मी त्याची खुर्ची उचलून रस्त्यावर फेकली. त्यानंतर त्याने मला कधी चित्रपट दिला नाही, आणि त्याच्या गोतावळ्यातल्या कुणीच दिला नाही. पुढे दोन हंगामांत माझा तंबू बसला तो त्या खुर्चीपायी. आणि एजंट खरं बोलत होता.

हिंगणीला परत आलो तर फाटकाबाहेर बैलबंड्यांची रांग. देवादिकांच्या चित्रपटाला नव्हे. जपानी चित्रपटाला!

गोष्ट अशी. एका तळ्याकाठी मुलगी आणि तिचा बाप राहतात. तळ्यात एक जनावर आहे, धड रेड्याचं, मान बगळ्याची, रंग निळा. ते चालतं तिथे पाणी उगवतं. एका वर्षी जनावर वर येत नाही, शेतं वाळतात, आणि बाप त्याला शोधायला तळ्यात उतरतो. मुलगी धावत काठावर येते. सहावं रीळ तिथे संपतं.

मास्तरांनी जनावराचं नाव पाणरेडा ठेवलं, मुलीचं सुमी. केबिनमधून माइकवर सगळी गोष्ट वऱ्हाडीत सांगितली. जपानीतला एक शब्द त्यांना कळत नव्हता, पण सुमीचं तोंड हललं की यांचा शब्द बरोबर तिथे बसायचा.

लोक वेडे झाले. बाप पाण्याकडे निघाला की शेतकरी उठून ओरडायचे, "जाऊ नको बे! पोरीले कोण पाहीन?" बाया पदर तोंडात धरायच्या. पाणरेडा वाईट की चांगला, यावरून चहाच्या टपरीवर दोघांचं एकमेकांची कॉलर धरण्यापर्यंत गेलं. शाळेच्या गुरुजींनी समजावून सांगितलं, "अहो, ही नुसती हाताने काढलेली चित्रं आहेत." मागून आवाज आला, "मंग तुमी काढून दाखवा ना गुरुजी! तुमचा तं फळ्यावरचा कावळाबी कोंबडी दिसते!"

आणि शेवट? तुम्ही विचाराल, सातवं रीळच नाही तर शेवट काय दाखवला? मास्तरांनी काही दाखवलंच नाही. सहावं रीळ संपलं की ते मशीनचा दिवा तसाच चालू ठेवत. पडदा पांढरा फटक. त्या उजेडात त्यांचा आवाज यायचा, अगदी हळू.

"पुनवेचा चांद वर आला. पाणी हाललं. सुमीनं आवाज देल्ला, बाबा! पाह्यलं का? थो पाहा पाणरेडा वर येऊन राह्यला. पाठीवर कोण हाये? बाप हाये. वला हाये, पण जित्ता हाये."

पांढऱ्या पडद्याकडे बघत सगळा तंबू उभा राहायचा. मी शपथेवर सांगतो, पडद्यावर काही नव्हतं. पण आजही हिंगणीत कोणालाही विचारा. एक सांगेल पाणरेड्याच्या पाठीवर शेवाळ होतं. दुसरा सांगेल बापाच्या मुठीत मासोळी होती. गुरुजींनी स्वतः मला सांगितलं, "सगळ्यात सुंदर चित्रं शेवटची होती हो." तिथे चित्रंच नव्हती, हे मला तेव्हाच सांगायचं होतं. पण तंबू भरत होता, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. एवढी चूक माझी, ती कबूल करतो.

चार दिवस चालला तर खूप, असा चित्रपट अठरा दिवस चालला. शेवंताबाई रोज शेंगांची टोपली फाटकाशी ठेवून आत यायची, पार पुढे, पडद्यापाशी बसायची. अमावास्येच्या आदल्या दिवशी दीर तिला न्यायला तंबूत आला. ती भर गर्दीत म्हणाली, "पुतळा जाळून पाह्य. माहा माणूस पुनवेले येते. साऱ्यानं पाह्यलं."

कोणी हसलं नाही, हेच मला विपरीत वाटलं. उलट दोघे-चौघे दिरालाच म्हणाले, "राहू दे ना गा, काऊन घाई करतं?" पुतळा झाला नाही. कुंकू राहिलं. मास्तर केबिनच्या भोकातून तिच्या पाठीकडे बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी मला सांगितलं नाही की ती पाठ काय म्हणते.

पुनव यायच्या आत आम्ही तंबू केळझरला हलवला. मास्तरच घाई करत होते.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई केळझरला आली. पहिल्या एस.टी.ने आली असावी. लुगड्यावर रात्रभरच्या दवाचा ओलावा, बांधावरच्या मातीचे डाग. मी कनातीमागे दोर आवळत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, पुनव गेली. थे आले नाई."

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, आता सांगतील. बाई, म्या बनवून सांगितलं, माफ करजो. एवढंच सांगायचं होतं. तेव्हा ती रडली असती, दोन दिवस जेवली नसती, आणि उठली असती.

मास्तर म्हणाले, "कोणती पुनव, थे म्या कुठं सांगितलं बाई? थे त्यालेच ठाऊक."

"मंग दर पुनवेले जातो," ती म्हणाली. आवाजात नुसता आनंद. पदराला बांधून आणलेल्या शेंगा त्यांच्या हातात घालून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर आंघोळ करून निघाले. "गणपतीचं दर्शन घेऊन येतो शेटजी." देवळाची टेकडी समोरच होती. मी त्यांना चढताना पाहिलं, सदऱ्याची पाठ उन्हात पांढरी दिसत होती. उतरताना कोणी पाहिलं नाही. आर्वीकडे माणूस पाठवला. त्या नावाचं तिथे कोणी नव्हतं.

आठ दिवस वाट बघून मी त्यांची ट्रंक फोडली. दोन सदरे, फिल्म जोडायच्या सिमेंटची बाटली, आणि तळाशी पोत्यात गुंडाळलेला सातवा डबा.

त्या दुपारी कनाती पाडून मी एकट्याने ते रीळ चालवलं. सुमी काठावर बसते. चंद्र उगवतो. ती हाक मारते. पाणी हलत नाही. पानं गळतात, बर्फ पडतो, पुन्हा पालवी येते. ती बसलेलीच. एकदा पाणरेड्याचं कातडं तरंगत वर येतं, रिकामं, फाटक्या पखालीसारखं. मग बापाची टोपी. सुमी टोपी उचलते, पिळते, डोक्यावर घालते आणि घराकडे चालू लागते. बस. तिथे चित्रपट संपतो.

मी पांढऱ्या पडद्यासमोर बसून राहिलो. राग आला होता, पण फेकायला हातात काही नव्हतं. मास्तरांना वाटलं असेल, हा शेवट त्या बाईने बघू नये. मला मात्र बघता बघता कळलं की तिने नेमका हाच बघायला हवा होता. टोपी उचलून मुलगी घरी जाते, हे.

डबा घेऊन मी हिंगणीला गेलो. शेवंताबाईच्या दारात उभा राहून सगळं सांगितलं, तंबूत येऊन हे रीळ बघ म्हणालो. ती शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी भाव करणारे माणूस, शेटजी. सकाळी एक सांगता, दुपारी एक. मास्तरनं मले रोज एकच गोष्ट सांगितली." जन्मभर घासाघीस करून मिळवलेलं नाव तिथे माझ्याच आडवं आलं.

तंबू गेला. आता सेलूला माझं किराणाचं दुकान आहे. हिंगणीत पोळ्याला काही बैलांच्या मानेवर अजून पाणरेड्याचा निळा रंग लावतात. आणि पुनवेला सूर्य बुडता बुडता शेवंताबाई बांधावर जाते. पहिल्या वर्षी ती बांधाच्या माथ्यावर बसायची. दुसऱ्या वर्षी एक टप्पा खाली, दगडांवर. दरवर्षी थोडी खाली. गेल्या वर्षी पाय पाण्यात होते. मी दुकान लवकर बंद करून जातो आणि थोडा दूर बसून राहतो. कशासाठी, ते तिलाही कळतं.

गेल्या पुनवेला ती गुडघाभर पाण्यात उतरली. मी धावत जाऊन दंड धरला. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "सोडा शेटजी. थोडं पुढं जाऊन आवाज देतो. इथून त्याइले आयकू येत नाई."

मास्तर, माझ्या तंबूचा जाब मी मागत नाही, एजंटाच्या खुर्चीचाही नाही. तुमचे डोळे आता थकले असले तरी तुम्ही जिथे असाल तिथे हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवील. सातवं रीळ माझ्या दुकानात, साखरेच्या पोत्यामागे आहे. पण गोष्ट तुमच्याजवळ आहे. ती माझं ऐकत नाही, गावाचं ऐकत नाही, फक्त तुमचं ऐकते. माझं वय झालं आहे आणि एकट्याने तिला किती वेळ धरून ठेवणार? येत्या पुनवेला दिवस बुडायच्या आत हिंगणीच्या बांधावर या. तिच्यासमोर बसा आणि तुमच्याच तोंडाने सांगा तिला की तो येत नाही. नाहीतर मला तरी सांगा, ती पुढे गेली तर त्या पाण्याला जाब कोण देणार, तुम्ही की मी?