बातमीत नसलेला नवसू

नवसू कुसगावच्या वरच्या अंगाला, वाडीत एकटाच राहतो. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, लेक तळेगावला दिली. खालच्या मनोरंजन पार्कातला आकाशपाळणा त्यानं एकोणीस वर्षं चालवला. गेट उघडायच्या आत पाळणा तीनदा रिकामा फिरवायचा, असा तिथला नियम. बाकीचे एक फेरी मारून चहाला पळायचे. हा बाबा मात्र जोडीदाराला बटणापाशी उभा करून रोज वेगळ्या सीटमध्ये स्वतः बसून बघायचा.

दिवाळीनंतर सात नंबरच्या सीटचा आडवा दांडा पाळणा वर गेल्यावर आपोआप सुटायला लागला. नवसूनं मॅनेजरला दोनदा सांगितलं. मॅनेजर ढिम्म. मग त्यानं त्या सीटला सुतळी बांधली आणि तिच्यात कुणाला बसूच देईना. रविवारच्या गर्दीत मॅनेजरनं ती सुतळी कापायला लावली.

त्याच संध्याकाळी तो तुंगार्लीला माझ्याकडे आला. मी गंगाधर, इथल्या एका दैनिकाचा वार्ताहर. तो दारातच म्हणाला, "भाऊ, छापा. पण माजं नाव नगं. पोटाला एवढंच काम हाय मला."

मी नाव घातलं नाही. 'पाळण्यावर एकोणीस वर्षे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितले' असं लिहिलं आणि वर स्वतःला हुशार समजलो. त्या पार्कात एकोणीस वर्षं टिकलेला माणूस एकच, हे अख्ख्या कुसगावाला ठाऊक. माझ्याच टाळक्यात ते शिरलं नाही.

छापून काय होतं, असं लोक मला तोंडावर विचारतात. होतं. शाळांनी सहली रद्द केल्या आणि पंधरा दिवसांत सगळे दांडे नवे बसले. नवसूला मात्र बातमी आली त्याच दिवशी गेटवरून परत पाठवलं. वाडीतली निम्मी माणसं त्याच पार्कात कामाला. ह्याच्यापायी आपली पण नोकरी जाईल, म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. शेजारचा केरबासुद्धा त्याला बघून वाट बदलायला लागला.

मी महिनाभर तिकडे फिरकलो नाही. खरं सांगतो, तोंड नव्हतं. शेवटी दुरुस्तीची बातमी घेऊन गेलो. 'आमच्या वृत्ताचा दणका' असा मथळा, तोही मीच दिलेला.

नवसू ओट्यावर बसला होता. "या भाऊ. लय दिसांनी कुणी आलं," म्हणाला. दूध नव्हतं, त्यानं कोरा चहा दिला. मग पेपर मांडीवर घेऊन ओळीखाली बोट फिरवत सगळी बातमी वाचली.

"सात नंबरबी बदललं?"

"हो, सगळेच बदलले."

"ब्येस झालं." त्यानं बातमी परत वरपासून वाचली. "ह्यात माजं नाव कुटंय?"

"नवसूभाऊ, तुम्हीच नको म्हणाला होतात."

"ते तवा. तवा काम व्हतं." त्यानं पेपरची घडी घालून माझ्या हातात दिली. "वाडीत कुणी बोलत न्हाई माज्याशी. कशापायी, ते तरी छापायचं व्हतं."